तांब्याभर पाणी आणि चार पायऱ्या

ऑक्टोबर संपायच्या आत, एखाद्या कोरड्या दुपारी, तांब्याभर पाणी घेऊन घराच्या पुढच्या दाराबाहेर या. सगळ्यात वरच्या टप्प्यावर ते हळूहळू ओता आणि बघत राहा. पाणी पुढे येऊन पायऱ्यांवरून खाली गेलं तर निम्मं काम झालं. मागे वळून उंबरठ्याकडे आलं, किंवा एखाद्या पायरीच्या कोपऱ्यात डबकं करून बसलं, तर तो कोपरा खडूने आखून ठेवा. जानेवारीत बर्फ तिथेच होणार आहे.

हे मला उशिरा कळलं. कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसॉगातल्या आमच्या घराला चार पायऱ्या आहेत. इथल्या वसाहतींत सर्रास दिसतात तशा, कारखान्यात ओतून ट्रकवरून आणून ठेवलेल्या, आतून पोकळ काँक्रीटच्या. घर घेतलं तेव्हा त्या सरळ होत्या. दहा-बारा हिवाळ्यांत खालची माती बसली आणि अख्खा जिना डावीकडे बोटभर कलला. आमच्या डोळ्यांना ते कळत नव्हतं. सांगलीहून आलेल्या नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कळलं. सकाळी साडेसहाची वेळ, दोन दिवसांत हिमाचा कणही पडलेला नाही, आभाळ स्वच्छ. ते चपला सरकवून बाहेर पडले आणि दुसऱ्या पायरीच्या डाव्या अंगावरून बसल्या बसल्या थेट खाली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर मार्चपर्यंत त्यांनी एकट्याने तो दरवाजा उघडला नाही.

पायरीवर बर्फ दिसतच नव्हता. पायरी नुसती ओली दिसत होती. दुपारच्या उन्हात छपरावरचं हिम वितळलं, पानांनी तुंबलेल्या पन्हळीतून पाणी ओसंडलं, त्याच्या पागोळ्या दुसऱ्या पायरीवर पडल्या, कलामुळे पाणी डावीकडे साचलं आणि रात्री गोठलं. इथे त्याला ब्लॅक आइस म्हणतात. रंग काळा नसतो, त्याला रंगच नसतो. खालचं काँक्रीट आरपार दिसतं.

म्हणून ‘पायऱ्या गरम करायच्यात, कोणती चटई घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलटं विचारते: तुमच्याकडे बर्फ होतो कसा? आपण मराठीत स्नो आणि आइस दोन्हीला सहसा बर्फच म्हणतो. त्यामुळे बोलताना घोटाळा होतो. भुरभुरीत हिम फावड्याने निघतं. उणे दहा अंश तापमानात कोरड्या हिमावर पाय फारसा घसरतही नाही. वैरी आहे तो आइस, आणि तो पायरीवर चार वाटांनी येतो. ताजं हिम न काढता त्यावरून चार जण ये-जा करतात आणि ते दाबून कडक होतं. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं. छपरावरून पागोळ्या पडतात. आणि चौथा म्हणजे फ्रीझिंग रेन: पाऊसच, पण जमिनीला टेकताक्षणी काचेसारखा चिकटणारा.

यांतल्या मधल्या दोन वाटांसाठी वीज जाळू नका. पन्हळ नोव्हेंबरात, मेपलची शेवटची पानं गळून गेल्यावर साफ करायची. ऑक्टोबरात केली तर पुन्हा भरते. पन्हळीचा खाली येणारा पाइप पायवाटेवर तोंड करून असेल तर त्याला चार-सहा फुटांचा जोड लावून तोंड हिरवळीकडे फिरवायचं. पायऱ्या साफ करताना हिमाचा ढीग वरच्या अंगाला रचायचा नाही. दुपारी तो वितळून पाणी परत पायरीवरच येतं. आणि आमच्यासारख्या पोकळ पायऱ्या कलल्या असतील तर त्या उचलून, खाली खडी भरून, पुन्हा पुढे किंचित उतार देऊन बसवता येतात. फुटाला पाव इंच एवढा उतार पुरतो. आमचा निम्मा बर्फ या कामाने गेला. तोवर आम्ही एक वॅटही खर्च केला नव्हता.

मिठाचंही आधीच सांगते. इथलं रस्त्यावरचं मीठ म्हणजे आपलं खडेमीठच, सोडियम क्लोराइड. उणे नऊ-दहा अंशांपर्यंत ते काम करतं, पुढे त्याचा वेग इतका मंदावतो की टाकलेलं न टाकलेलं सारखंच. कॅल्शियम क्लोराइड बऱ्याच खालच्या तापमानापर्यंत चालतं, महागही असतं. मिठाने बर्फ वितळतो, ते पाणी काँक्रीटच्या छिद्रांत शिरतं, पुन्हा गोठतं, आणि गोठताना पाणी ९ टक्क्यांनी फुगतं. दोन-चार हिवाळ्यांत पायरीची कड पापुद्र्यांनी सुटू लागते. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकूच नये, वाळू टाकावी. कुत्रा असेल तर त्याचे पंजेही मिठाने सोलवटतात.

आता उरलं ताजं हिम आणि फ्रीझिंग रेन. म्हातारी माणसं घरात आहेत, सकाळी सहाला कामावर निघायचंय, कंबर फावडं धरू देत नाही, अशा घरांत पायऱ्या तापवण्याला अर्थ आहे. त्याचे दोन सरळ प्रकार आहेत: वर अंथरायच्या गरम चटया, आणि काँक्रीटच्या पोटात पुरलेली तापणारी केबल.

पोकळ तयार पायऱ्या, लाकडी पायऱ्या, भाड्याचं घर, यांपैकी काहीही असेल तर चटई घ्या. दुसरा विचारच नको. पोकळ पायरीत केबल पुरायला जागा नसते. चटई म्हणजे रबराच्या दोन थरांमध्ये बंद केलेली तापणारी तार. पायरीसाठीची चटई साधारण १० इंच रुंद आणि ३० इंच लांब असते, ती ६० वॅटच्या आसपास वीज घेते. एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्यात, अशी साखळी करून शेवटची वायर सॉकेटला जाते. घेण्याआधी पायरीची खोली टोकापासून मागच्या भिंतीपर्यंत मोजा. चटई पायरीच्या कडेबाहेर बोटभरही लोंबता कामा नये, नाहीतर बर्फाऐवजी चटईवरून पाय जाईल. चारही कोपऱ्यांना भोकं असतात, तिथून ती बांधायची किंवा स्क्रूने बसवायची. नुसती अंथरलेली चटई वाऱ्याने आणि पायाने सरकतेच.

जोडण्यांकडे मात्र नीट बघा. दोन चटयांमधला जोड पायरीच्या आतल्या कोपऱ्यात, पाणी साचेल असा लोळत ठेवू नका. कठड्याच्या दांड्याला वितभर उंचीवर बांधा. सॉकेटकडे जाणारी वायर आधी खाली झोळीसारखी सोडून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळीच्या तळाला गळून पडतं, प्लगमध्ये शिरत नाही. सॉकेटवरचं झाकण प्लग आत असतानाही बंद होणारं, फुगीर हवं. आणि सॉकेट जीएफसीआयचंच हवं. ५ मिलिअँपिअरच्या आसपास वीज जमिनीकडे गळू लागली की ते क्षणात तोडतं. ओल्या काँक्रीटवर ओल्या बुटांनी उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या एका बटणावर असतो. महिन्यातून एकदा ‘टेस्ट’ दाबा, वीज गेली याची खात्री करा, मग ‘रिसेट’.

त्याच बटणाने आमचा आमरस घालवला. आमच्या घरात गॅरेजमधलं सॉकेटही पोर्चच्या जीएफसीआयच्या पुढे जोडलेलं होतं आणि त्यावर छोटा फ्रीझर चालत होता. एका चटईच्या जोडात पाणी गेलं, जीएफसीआयने आपलं काम केलं, चटया थंड पडल्या हे आम्हाला लगेच दिसलं. फ्रीझरही बंद पडलाय हे दोन दिवसांनी कळलं. हापूसचा रस, सोललेले मटार, आईने पाठवलेल्या सांज्याच्या पोळ्या, सगळं कचऱ्यात. तेव्हा चटया लावण्याआधी ते बटण दाबून बघा, घरात आणखी काय काय बंद पडतं ते.

भाराचा हिशेब अवघड नाही. इथे घरातली साधी सर्किट १५ अँपिअरची, १२० व्होल्टची, म्हणजे १८०० वॅटची. तासन् तास चालणाऱ्या वस्तूंसाठी त्याचे ८० टक्केच धरायचे: १४४० वॅट. चार पायऱ्या आणि वरच्या टप्प्याची मोठी चटई मिळून चार-पाचशे वॅट होतात, ते आरामात बसतात. पण त्याच सर्किटवर गाडीचं इंजिन उबदार ठेवणारा ब्लॉक हीटर असेल तर त्याचे वॅटही मिळवून बघा. घरातली तपकिरी एक्स्टेन्शन वायर बाहेर ओढायची नाही. वायर पुरत नसेल तर चटईच्याच कंपनीची लांब वायर मागवा किंवा इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट जवळ आणून घ्या.

चटईला मर्यादा आहेत. ती स्वतःपुरतीच जागा साफ करते. दोन्ही बाजूंना हिमाच्या भिंती उभ्या राहतात आणि कठडा धरणारा हात त्या भिंतीपलीकडे राहतो. चटई कठड्याच्या बाजूला सरकवून लावा, मधोमध नको. शोभा जरा कमी होते, पण म्हातारं माणूस मधून चालत नाही, कठड्याने चालतं.

केबल पुरायची ती नव्या पायऱ्या ओतताना. जुन्या पायऱ्या फोडून फक्त केबलसाठी नव्या करणं मला पटत नाही. पण पायऱ्या मोडकळीला आल्याच असतील, तर ओतण्यापूर्वीचा एक दिवस केबलला देऊन टाका, परत ती संधी यायची नाही. केबल पृष्ठभागाखाली साधारण दोन इंचांवर असते, चौरस फुटाला ५० वॅटच्या आसपास उष्णता देते. पायरीची पुढची कड सगळ्यात थंड, कारण तिला वरून, समोरून, बाजूने वारा लागतो. केबलचा पहिला फेरा कडेच्या जितका जवळ नियमात बसेल तितका हवा. केबल कापायची नसते, एकमेकींवरून न्यायची नसते, काँक्रीटच्या सांध्यातून ओढायची नसते. जास्तीची उरली तर ‘थोडी छाटून टाकू’ म्हणणाऱ्याला घरी पाठवा. तापणारी केबल छाटली की तिचा रोध बदलतो आणि ती जळते. शक्य असेल तिथे खाली कडक फोमचा थर घाला, नाहीतर बरीच उष्णता मातीला जाते.

आमच्या मागच्या अंगणातल्या तीन पायऱ्यांना आम्ही केबल घातली, तेव्हाची एक गोष्ट. कामावरच्या माणसाने केबल जाळीला बांधली, फोटो काढला आणि काँक्रीट ओतायला सांगितलं. मीटर लावला नाही. ओतताना कुणाचं तरी फावडं लागलं असणार. वरची पायरी कधीच तापली नाही. काँक्रीट सुकल्यावर भांडून काय उपयोग? रोध आणि इन्सुलेशनची तपासणी तीनदा करायची असते: केबल गुंडाळीत असताना, जाळीला बांधल्यावर, आणि काँक्रीट ओतल्यावर. आकडे कागदावर लिहून, सही घेऊन, पैसे त्यानंतर. ओतताना मीटर जोडलेलाच ठेवणारे कारागीर असतात, तसा शोधा. प्रत्येक फेऱ्याचा मोजपट्टीसकट फोटोही ठेवा. पाच वर्षांनी कठडा बदलायला कुणी ड्रिल घेऊन आलं तर तो फोटोच केबल वाचवेल.

हे काम स्वतः करायचं नाही. ऑन्टारिओत ते करून घ्यायला परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदार हवा आणि इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीकडे कामाची नोंद हवी. अमेरिकेत राष्ट्रीय विद्युत संहितेचं ४२६ वं कलम याच विषयाला वाहिलेलं आहे. पुरलेल्या केबलला गळतीपासूनचं वेगळं संरक्षण लागतं, ते कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात लिहिलेलं दिसलं पाहिजे.

आणि शेवटच्या पायरीखाली काय? वितळलेलं पाणी खाली येणार, पायवाट थंड, तिथे ते गोठणार. चार पायऱ्या कोरड्याठाक आणि पाचवं पाऊल काचेवर, हे मी दोन मित्रांच्या घरी पाहिलंय. पायथ्याशी एक चटई जास्तीची टाका, किंवा केबल तिथल्या फरशीत दोन-तीन फूट पुढे न्या, किंवा कडेला खडीची चर काढून पाणी तिकडे वळवा. तांब्या घेऊन पुन्हा बघायची हीच जागा.

लोक बिलाला भितात. बिल बर्फामुळे फुगत नाही, बटण विसरल्यामुळे फुगतं. चार पायऱ्या आणि एक टप्पा मिळून ३२ चौरस फूट धरा, म्हणजे ३ चौरस मीटर. त्यावर १० सेंटिमीटर ताजं हिम पडलं तर वजन साधारण ३० किलो, आणि ते नुसतं वितळवायला पावणेतीन युनिट वीज लागते. वारा आणि जमीन त्यात आपला वाटा घेतात, म्हणून केबल चौरस फुटाला ५० वॅटची, एकूण १६०० वॅटची लागते. युनिटला १५ सेंट धरले तर तासाला २४ सेंट. हिवाळ्यात १०० तास चालवली तर २४ डॉलर. डिसेंबर ते मार्च चार महिने चालूच राहिली तर २९०० तासांच्या आसपास आणि ७०० डॉलरच्या जवळपास. तुमच्या बिलावरचा दर घालून बघा, प्रमाण हेच राहील.

म्हणून खरा पैसा नियंत्रकावर खर्च करा. बाजारात एक स्वस्त प्लग मिळतो, तापमान दोन अंशांच्या खाली गेलं की चालू, सात अंशांच्या वर गेलं की बंद. आमच्याकडे जानेवारी बहुतेक दोन अंशांच्या खालीच असतो, म्हणजे तो प्लग असून नसल्यासारखा. तापमान आणि ओल दोन्ही ओळखणारा सेन्सर घ्या: थंडी आहे आणि वरून काहीतरी पडतंय, तरच चालू. चटयांना बाहेर वापरायच्या दर्जाचा, पुरेशा अँपिअरचा वायफाय प्लग चालतो. हवामानाचा अंदाज बघून मी तो रात्री झोपताना लावते.

कधी लावायचं? चटई वरच असते, अर्ध्या-एक तासात तापते. काँक्रीट आळशी. चार इंच जाड काँक्रीट उणे दहावरून तीन अंशांवर आणायलाच, वाऱ्याने थेंबभरही उष्णता चोरली नाही असं गृहीत धरून, दीड तास लागतो. प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट धरा. हिम साचल्यावर बटण दाबलं तर आत वितळलेला थर आणि वर हिमाची गोधडी अशी पोकळी होते, पाय टाकला की फसतो. हिमाआधी लावा, आणि हिम थांबल्यावर लगेच बंद करू नका. पायरी ओली असताना बंद करणं म्हणजे बर्फ आपल्या हाताने करणं. पायरी कोरडी झाली, राखाडी दिसू लागली, की बंद.

एखादा दिवस असाही येतो की उणे वीस, सोसाट्याचा वारा, आणि पायऱ्यांवरचं हिम धड वितळत नाही धड गोठलेलं राहत नाही. त्या दिवशी सरळ बंद करा आणि फावडं उचला. कोरडी थंड पायरी अर्धवट ओल्या पायरीपेक्षा कितीतरी सुरक्षित. फावडं प्लास्टिकचं, चटईवर लोखंडी पातं नको.

गरम पाणी नळ्यांतून खेळवायचा तिसरा प्रकारही आहे. मिशिगनमधल्या हॉलंड गावात १९८८ पासून बाजारपेठेतले रस्ते आणि पदपथ वीजकेंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर असे मोकळे ठेवले जातात. रेक्याविकमध्ये घरं तापवून परतणारं भूगर्भातलं पाणी पदपथांखालून फिरवतात. तुमचा ड्राइव्हवेही तापवायचा असेल आणि घरात बॉयलर असेल तर विचार करा. चार पायऱ्यांसाठी हा खटाटोप नको.

पायऱ्या गरम आहेत म्हणून जबाबदारी सुटत नाही. ऑन्टारिओत तुमच्या दारात हिमावर किंवा बर्फावर पडून कुणाला इजा झाली तर २०२१ पासून त्याने साधारणपणे ६० दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते, पण दावा होऊ शकतोच. कधी चटया लावल्या, कधी मीठ टाकलं, याची तारीख-वेळ फोनमध्ये टिपून ठेवायची सवय वाईट नाही. भारतातून आई-वडील येणार असतील तर दाराशी चपलांचं कपाटच बंद करा. नानांसाठी आम्ही बुटांवर चढवायची रबरी-लोखंडी दातेरी जाळी आणली. ती घालून त्यांनी आधी घरातल्या लाकडी जमिनीवर फेरी मारली, ते ओरखडे अजून आहेत.

एवढं सगळं विजेवर. २०१३ च्या डिसेंबरात टोरांटोवर फ्रीझिंग रेन कोसळला तेव्हा शहरातल्या तीन लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, काहींची कित्येक दिवस. ज्या रात्री गरम पायरी सगळ्यात जास्त हवी, त्याच रात्री तारा तुटतात. म्हणून दाराच्या आत, बाहेर नव्हे, एक झाकणाची बादली कोरड्या वाळूची आणि एक कॅल्शियम क्लोराइडची ठेवा. बाहेर ठेवलेली वाळू ओल धरून गोठते आणि ऐन वेळी बादलीतून विटेसारखी निघते. आमच्या वाळूच्या बादलीत पूजेतला जुना तांब्या टाकलेला आहे, वाळू काढायला; ऑक्टोबरात तोच धुऊन पाण्याला लागतो.